वाळूचा दांडा

आमच्या घरी जीप होती म्हणून आम्ही पैसेवाले होतो असं कुणी समजू नये. घर कुडाचं होतं, सारखं सारवावं लागायचं, आणि जीप उभी असायची ती आंब्याखाली, म्हशीच्या शेजारी. ऊन तापलं की म्हशीचा आणि जीपचा वास एकमेकांत मिसळायचा, कारण जीपमध्ये मासळीचं पाणी मुरलं होतं आणि कितीही धुतलं तरी ते जात नव्हतं. गाडी लष्कराच्या लिलावातली, तीन-चार जणांच्या हातून फिरून आमच्याकडे आलेली. स्टिअरिंग डाव्या अंगाला होतं. वरचं कापड फाटलं होतं, ते आईने शिडाच्या जुन्या तुकड्यांनी जोडलं होतं, त्यामुळे मागून बघितलं तर रस्त्यावरून होडी चालली आहे असं वाटायचं. आमच्या मुरबे गावात तेव्हा दुसरी गाडी नव्हती. वडिलांना गाव भास्करभाऊ म्हणायचं, आम्ही आबा म्हणायचो. आबा गाडी शिकले ते ज्याने विकली त्याच्याकडून, एक सकाळभर, किनाऱ्यावरच्या ओल्या वाळूत. हा पाय दाबायचा, हा सोडायचा, हा मोठा दांडा हलवायचा. मोठ्या दांड्याच्या बाजूला आखूड दांडे होते. त्यातल्या एकाला हात लावून तो माणूस म्हणाला, "वाळूत रुतली तर हा मागे ओढायचा." बाहेर निघाल्यावर त्याचं काय करायचं ते तो बोलला नाही. आबांनी विचारलं नाही. घरात त्या दांड्याला सगळे वाळूचा दांडा म्हणायला लागले.

सकाळी आईच्या भाकरी थापण्याचा आणि आबांच्या हँडल मारण्याचा आवाज बरोबरच सुरू व्हायचा. तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाचं चिंच घातलेलं कालवण, गुळाचा काळा चहा. आबा उभ्यानेच जेवायचे, एक डोळा समुद्राकडे. होड्या लागल्या की गाडी थेट पाण्याच्या कडेपर्यंत न्यायची, तिथे टोपल्या चढवायच्या, वर बायका चढायच्या, आणि बोईसर स्टेशन गाठायचं, आगगाडी यायच्या आत. मी चौथी झाल्यावर शाळा सोडली होती, म्हणजे सोडवली होती, आणि टोपल्या धरायला आबांच्या बाजूला बसत होते. पुढे आमच्याबरोबर पारूमावशी. ती कोळीवाड्यातली, नवरा बुडालेला, आवाज असा की पलीकडच्या तीरावर सातपाटीला ऐकू जावा. जीपला ती म्हैस म्हणायची.

"भास्कर, तुजी म्हस जरा सरकव, माजं ढुंगण मावत नाय."

"म्हस नाय सरकायची पारू. तू कमी जेव."

"मी जेवते माज्या कष्टाचं. तुजी म्हस पितंय ते रॉकेल कोनाच्या कष्टाचं?"

सगळ्या बायका हसायच्या आणि आबाही हसायचे. मी हे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे आबांना हसताना मी पाहिलेलं नाही.

एका सकाळी भरती चढत होती आणि गाडी वाळूत मागच्या चाकांच्या वरपर्यंत रुतली. बायका उतरून ढकलत होत्या, पाणी चाकांना लागलं होतं. आबांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर, दोन्ही पाय खाली गुंतलेले. ते ओरडले, "शेवंते, तो वाळूचा दांडा ओढ! मागं ओढ!" मी दोन्ही हातांनी धरून, पाय टेकवून, मागे पडेपर्यंत ओढला. खाली कुठेतरी धप्प झालं, पुढची चाकं वाळू उडवायला लागली आणि गाडी बाहेर आली. पारूमावशीने माझ्या पाठीत धपाटा घातला. "पोरीनं काढली हो गाडी!" त्या दिवशी आईने माझ्या भाकरीवर गुळाचा खडा ठेवला. दांडा तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाळूतच जायचं होतं, त्याच्या दुसऱ्या दिवशीही, आणि बोईसरपर्यंतचा रस्ता म्हणजे निम्मा वाळू, निम्मा चिखल. ओढलेला असला की तो दांडा खाली निजलेला असायचा, मध्ये येत नसे. मग आबांनी गावातल्या सुताराकडून जांभळाची एक फळी बसवून घेतली, खिळे मारून, मोठ्या दांड्यापुरती खाच ठेवून. त्यावर टोपल्या सपाट बसायच्या आणि मलाही बसायला जागा झाली. वाळूचा दांडा फळीखाली गेला. वर्ष-दोन वर्षं मी त्याच्यावरच बसत होते.

आता आजोबांचं सांगते. आजोबांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. मी पाहिले ते ओटीवर पडलेलेच पाहिले. त्याची सुरुवात म्हणे हातापासून झाली. नांगराचा मुठा हातातून सुटायला लागला, बैल सरळ जायचे आणि तासाची रेघ वाकडी पडायची, आणि सगळे म्हणायचे की बैल माजलेत. बैल बदलले. मग कळलं की बैलांत काही नव्हतं. ही गोष्ट आमच्या घरात इतक्या वेळा सांगितली जायची की मला आजोबांचा चेहरा आठवत नाही पण ते बैल आठवतात, जे मी पाहिलेच नव्हते. आबांचे थोरले भाऊ, आमचे मोठे काका, शेत कसायचे आणि ही गोष्ट सांगायचे. शेवटी म्हणायचे, "जनावराला दोष देन्याआधी मानसानं आपला हात बघावा."

तारापूरकडे वीजकेंद्राचं काम निघालं तसं बोईसरच्या बाजूने डांबर आलं. परगावचे मजूर, ट्रक, पिंपं, सगळीकडे हिंदी. रस्ता काळा आणि गुळगुळीत झाला, लोक त्यावर अनवाणी चालून बघायचे. सगळ्यांना आनंद झाला. आबांनाही झाला. जुनी वाट शेतांतून तिरकी जायची. नवा रस्ता खाजणाच्या खारट दलदलीच्या कडेने सरळ जाऊन नाल्यावरच्या एका दगडी मोरीपाशी एकदम काटकोनात वळत होता. त्या वळणावर गाडी पहिल्यांदा अडली. अडली म्हणजे बंद पडली नाही. वळायला लागली की कुणीतरी मागून शेपूट धरावी तशी ओढली जायची, टायर कुईकुई करायचे, स्टिअरिंग जड व्हायचं आणि आबांच्या हातातून सुटून पुन्हा सरळ व्हायला बघायचं. मग खाली काहीतरी फटकन सुटायचं आणि सगळ्यांना हिसका बसायचा. सरळ रस्त्याला लागली की गाडी शहाण्यासारखी चालायची.

"काय रं, म्हस अडली?" पारूमावशीने विचारलं.

"अडली नाय. वळाय मागत नाय."

"नव्या रस्त्याला बुजली आसंल."

 आबा उजव्या हाताची मूठ उघडत-मिटत होते. मी ते पाहिलं. मोठी माणसं जिकडे बघतात तिकडे मी बघायचे, दुसरं काम काय होतं मला.

डांबर जसजसं आमच्या गावाकडे सरकत आलं, तसतसं हे अडणं वाढत गेलं. एक वळण होतं त्याची चार झाली. स्टेशनाबाहेर गाडी फिरवून उभी करायची तिथे तर आबांना दोन्ही हातांनी, उभं राहिल्यासारखं होऊन, चाक फिरवावं लागे. खांदे भरून यायचे. तिथे ट्रकवाले बघत बसायचे. एकजण हसून म्हणाला, "चाचा, भैंस को घुमा रहे हो क्या?" त्याला पारूमावशीचा शब्द माहीत नव्हता, त्याला तो आपोआप सुचला. मोरीपाशी डांबरावर आमच्या चाकांचे काळे ओरखडे उठले होते, वळणाला लागून, नखाने ओढल्यासारखे. बैलगाडीचे नव्हते, ट्रकचे नव्हते. फक्त आमचे.

गाडीचं काही असेल म्हणून आबा पालघरला गफूरमिस्त्रीकडे गेले. मी बरोबर होते. गफूरमिस्त्री चांगला माणूस, कामात कधी खोटेपणा केला नाही. त्याने चारी चाकं उचलली, ब्रेक सोडून बघितले, पुढच्या सांध्यांत ग्रीस भरलं, स्टिअरिंगच्या पेटीत तेल घातलं. मग स्वतः बसून गाडी आपल्या अंगणात गोल फिरवली, एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. गाडी भोवऱ्यासारखी फिरली. त्याचं अंगण मातीचं होतं, वर राख आणि भुसभुशीत रेती टाकलेली, तेल सांडतं म्हणून. चाकं घसरत, माती ढकलत फिरत होती. हे मला तेव्हा दिसलं, पण दिसणं म्हणजे कळणं नाही. गफूरमिस्त्री उतरला, हात पुसले आणि आबांकडे बघून हळू आवाजात म्हणाला, "भास्करभाई, गाडी में कुछ नहीं है। तबीयत कैसी है?"

 परत येताना उमरोळी गाव मागे पडल्यावर मी म्हटलं, "आबा, वाळूत नाय अडत. डांबरावरच अडते." मी हे म्हटलं होतं. म्हातारपणी माणूस स्वतःला शहाणं करून सांगतं, म्हणून मी पुन्हा आठवून बघितलं, आणि मी म्हटलं होतं. आबा म्हणाले, "वाळूत चाक हलकं आसतंय पोरी. हाताला जोर लागत नाय. डांबरावर जोर लागतोय, तितं कळतंय." मला ते पटलं. मोठ्या माणसाने एवढं नीट समजावून सांगितल्यावर न पटायला मी कोण?

काकांना कळलं, म्हणजे गावाला कळलं. आमच्या घरात लसूण घालून उकळलेल्या तिळाच्या तेलाचा वास सुरू झाला. आई सकाळ-संध्याकाळ आबांचा उजवा हात खांद्यापासून बोटांपर्यंत चोळायची. वारं गेलेल्या माणसाला पारव्याचं मटण देतात, त्याने अंगात ऊब येते म्हणतात. काका दर शनिवारी पारवा आणायचे, पाय बांधलेला. आमच्या घरी मासळी आणि कोंबडी सोडून काही शिजायचं नाही, पण आईने वेगळं मडकं ठेवलं आणि चुलीच्या मागच्या बाजूला ते शिजवायला लागली. मांस काळपट, रस्सा पातळ, मिरचीशिवाय. आबा नाक न धरता खायचे. आम्हा पोरांना त्यातलं मिळत नसे आणि आम्हाला नकोच होतं.

सगळ्यात वाईट गोष्ट ही की आबा आपल्या हाताची परीक्षा घ्यायला लागले. भरलेली कळशी एका हाताने उचलून धरायची आणि किती वेळ थरथरत नाही ते बघायचं. चहाची कपबशी उजव्या हातात धरून तिच्याकडे बघत बसायचं. तुम्ही कधीही अशी कपबशी धरून बघत बसा, ती थरथरणारच. माझीही थरथरली, मी करून बघितलं. पण मी तेरा वर्षांची होते, मला कुणी हाताबद्दल विचारत नव्हतं. आबा कपबशी खाली ठेवायचे आणि आईकडे बघायचे. आई म्हणायची, "अवो, तुमी बघत बसता म्हून हलतोय." ती एकटीच बरोबर बोलत होती. तेल चोळायचं मात्र तिनेही थांबवलं नाही.

मग ती सकाळ. गाडीत नेहमीइतक्याच टोपल्या, बारीक कोळंबी, म्हणजे करंदीच जास्त. पारूमावशी बाहेरच्या कडेला, तिचा एक पाय बाहेरच्या पायरीवर, तशी तिची सवय. गाडी मोरीच्या वळणाला लागली आणि समोरून खडी भरलेला ट्रक आला. आबांना वळण आखडतं घ्यावं लागलं. गाडी ओढली गेली, टायर किंचाळले, स्टिअरिंग आबांच्या हातातून फिरून सरळ झालं, आणि गाडी वळायची सोडून सरळ गेली. वेग काहीच नव्हता. माणूस चालतो तेवढ्या वेगाने आम्ही रस्त्यावरून उतरलो आणि खाजणात कललो. मला लागलं नाही. टोपल्या माझ्या अंगावर आल्या आणि करंदी माझ्या केसांत गेली, ते आठवतं. पारूमावशीचा पाय गाडीची कड आणि मोरीचा दगड यांच्यामध्ये सापडला. ती ओरडली नाही. एवढा आवाज असलेली बाई, पण ओरडली नाही, नुसती म्हणाली, "भास्कर, गाडी मागं घे. मागं घे रं बाबा." आबा तिथेच बसून होते. उजवा हात मांडीवर पडला होता, तळवा वर करून. ट्रकवाल्यांनी उतरून गाडी उचलली.

नडगी मोडली होती. हाडवैद्याने बांबूच्या कामट्या बांधल्या. पाय जुळला, पण वाकडा. टोपली डोक्यावर घेऊन पारूमावशी पुन्हा कधी चालली नाही. घरी बसून सुकटी निवडायला लागली.

आबा घरी आले, अंगणात बसले आणि आईला म्हणाले, "गेला माजा हात. आता गाडीत बसनार नाय मी." काका म्हणाले, "मी सांगत व्हतो." खरंच सांगत होते.  त्या दिवसापासून आबांनी उजव्या हाताने काही करणं सोडलं. पहिल्यांदा जड काम सोडलं. मग सदऱ्याची बटणं आई लावायला लागली. भाकरी मोडून द्यायला लागली. लोक ओटीवर येऊन बसायचे, हात बघायचे, चिमटा काढून विचारायचे, "कळतंय का?" आबा थोडा विचार करून सांगायचे, "कळतंय, पन लांबून."

आता माझी नातसून गाडी चालवते. एका बोटाने वळवते आणि दुसऱ्या हाताने पोराला बिस्कीट देते. ती मला बाजूला बसवत नाही असं नाही, मीच बसत नाही.

गाडी विकायची ठरली. बांधकामावरच्या एका कंत्राटदाराला खडीच्या वाटांवर फिरायला जीप हवी होती. त्याने आपला ड्रायव्हर पाठवला, शिंदे म्हणून, साताऱ्याकडचा, पलटणीत गाड्या चालवून आलेला. अंगणात त्याने गाडी बघितली, हँडल मारलं, आवाज ऐकला आणि मान हलवली. डांबर तोवर गावाच्या नाक्यापर्यंत आलं होतं. तो म्हणाला, तिथवर नेऊन बघतो. आबा आणि मी मागून चालत गेलो. आबांनी उजवा हात डाव्या हातात धरला होता, दुसऱ्याचं मूल सांभाळावं तसा.

नाक्यावर शिंद्याने गाडी वळवली. अर्ध्या वळणात ती अडली, टायर कुईकुई करायला लागले, आणि तो थांबला. पुन्हा दोन हात पुढे घेतली, पुन्हा थांबला. खाली उतरून पुढच्या टायरांवरून बोट फिरवलं, वाकून खाली बघितलं. हे सगळं आमच्या गावात कुणी केलं नव्हतं असं नाही. गफूरमिस्त्रीने केलंच होतं. फक्त शिंदे डांबरावर उभा होता.

"आवं काका," तो आबांना म्हणाला, "चारी चाकं जुपून ठिवलीयासा व्हय? पुढच्या चाकांचा दांडा कुठं हाय?"

आबांना कळलंच नाही. मी म्हणाले, "फळीखाली हाय."

"कसली फळी?"

मी दाखवली. त्याने माझ्याकडे बघितलं, मग फळीकडे, आणि हसला. "काढा ती."

नाक्यावरच्या चहावाल्याची पहार घेऊन त्याने फळी उचकटली. खिळे गंजले होते. खाली माशाची खवलं, वाळू, मीठ, आणि त्यात तो दांडा, मी ओढून ठेवला होता तसाच निजलेला. शिंद्याने तो ढकलला. हलला नाही. "बघा, ताण धरून बसलाय," म्हणाला. गाडीत बसला, चार हात मागे घेतली, मागे येतानाच दांडा ढकलला, आणि आत टक् झालं. बारीकसा आवाज होता. मग त्याने नाक्यावर गाडी फिरवली, अगदी आखडत्या वळणात, एकदा, दोनदा, तीनदा, एका हाताने, दुसरा हात खिडकीच्या जागी बाहेर टाकून. टायरचा आवाज नाही, हिसका नाही. चहावाल्याने कौतुकाने टाळी वाजवली. त्याला वाटलं शिंदे फार हुशार ड्रायव्हर आहे.

शिंदे उतरला आणि आबांना समजावून सांगायला लागला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. "मळणीला खळ्यावर बैल फिरत्यात बघा. भाइरच्या बैलाला जास्त चालाय लागतं, आतल्याला कमी. तसंच हाय. वळताना पुढची चाकं लांबनं जात्यात, मागची जवळनं. वाळूत, चिखलात घसरून भागतं. डांबरावर घसरत न्हाईत, मग गाडी आपली आपल्यालाच वढत बसती. ह्यो दांडा वाळूपुरता हो. भाइर आलं की पुढं ढकलून द्यायचा. कुनी सांगितलं न्हाई तुमास्नी?"

आबा गाडीकडे बघत होते. मी आबांकडे बघत होते. मी ओढला होता तो दांडा. ढकल म्हणून कुणी सांगितलं नाही, म्हणून ढकलला नाही. आणि मग रोज त्याच्यावर बसून गेले. एवढंच माझ्या डोक्यात येत होतं. रडू वगैरे आलं नाही.

"बसा," शिंदे म्हणाला. "फिरवून बघा एकदा. पिसावानी हलकी झालीया."

आबा डाव्या अंगाने चढले, बसले. डावा हात चाकावर ठेवला. उजवा मांडीवर होता. आम्ही वाट बघितली. शिंदे म्हणाला, "घ्या की, घ्या." आबांच्या खांद्यापर्यंत काहीतरी हललं, मला दिसलं, सदऱ्याच्या आत. मग थांबलं. हात उठला नाही. आबांच्या कपाळावर घाम आला होता आणि ते त्या हाताकडे बघत होते, कपबशीकडे बघायचे तसे.

"हाताला काय झालंय काका?"

"गेला," आबा म्हणाले.

"कवा?"

 आबा खाली उतरले आणि शिंद्याला म्हणाले, "न्या गाडी. शब्द दिलाय."  फळी ठेवू का, म्हणून शिंद्याने मला विचारलं. मी नको म्हणाले. तो गाडी घेऊन तारापूरच्या बाजूला गेला. नाक्यापुढच्या वळणावर गाडी कशी वळली ते आम्ही दोघांनी पाहिलं.

आईला मी सांगितलं. आई चुलीपुढे बसली होती. लाकूड आत सारत म्हणाली, "मग उद्यापासून बरा व्हईल की हात. कारन नाय ना उरलं." तिला खरंच तसं वाटलं. दुसऱ्या दिवशी तिने आबांच्या पुढ्यात अख्खी भाकरी ठेवली, मोडून न देता. आबांनी ती डाव्या हाताने दाबून धरली आणि तोंड खाली नेऊन दातांनी तोडली. मी उठून बाहेर गेले. काकांना सगळं कळलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे गाडीच व्हती तर," आणि पुढच्या शनिवारी पारवा घेऊन आले. सुरू केलेलं औषध मध्ये तोडू नये म्हणाले. आईने तो शिजवला.

पालघरला डॉक्टरला दाखवलं. त्याने गुडघ्यावर, कोपरावर हातोडी मारली, टाचणी टोचली, बोट धरायला सांगितलं. आबांनी धरलं, पण डॉक्टर सांगत होता म्हणून, आणि सोडलं तेव्हा हात पुन्हा मांडीवर पडला. डॉक्टर म्हणाला, "वारं-बिरं काही नाही. नसा चांगल्या आहेत. वापरा." आबा म्हणाले, "बरं."

पारूमावशीला सांगायला मला आईने पाठवलं. आबांच्या हाताचा दोष नव्हता, गाडीचा दांडा ओढलेला राहिला होता, एवढं तिला कळावं म्हणून. ती ओटीवर पाय पसरून सुकटी निवडत बसली होती. मी सगळं सांगितलं, मीच ओढला होता तेही सांगितलं. ती ऐकत होती आणि निवडत होती. मग तिने लुगडं वर करून तो वाकडा पाय माझ्यापुढे सरकवला.

"दांडा व्हता म्हनतेस?"

"हो."

"मग माज्या पायाला सांग. बघ ऐकतो का."

 तिने थोडी सुकट माझ्या ओंजळीत घातली आणि म्हणाली, "जा. बापाला सांग, माजा राग नाय. आनि हात हलव म्हनावं मेल्याला." मी घरी येऊन हे सगळं आबांना तसंच्या तसं सांगितलं, पायाचं सोडून. त्यांनी विचारलं, "पायाचं काय म्हनली?" मी खोटं बोलले. काही नाही म्हणाली, असं सांगितलं.

त्यानंतर आबा पुष्कळ वर्षं जगले. माझं लग्न त्यांनी पाहिलं, अक्षता डाव्या हाताने टाकल्या, भटजी कुरकुरला. हात पुढे बारीक होत गेला, तो रोगाने नाही, वापर नाही म्हणून, असं दुसऱ्याही डॉक्टरने सांगितलं. शेवटी गेले ते तापाने. चितेवर आम्ही तो उजवा, चांगला हात जाळला.